सबुरीचे मूळ : इस्लाममधील यकीन आणि सब्र

शिर्डीच्या साईबाबांच्या तसबिरीखाली दोन शब्द हमखास लिहिलेले असतात : श्रद्धा आणि सबुरी. पहिला शब्द संस्कृत, दुसरा मुळात अरबी. अरबीतील ‘सब्र’पासून फारसीत ‘सबूरी’ झाले आणि दख्खनच्या राज्यकारभारात फारसी अनेक शतके नांदल्यामुळे तो शब्द मराठीत इतका मुरला, की ‘जरा सबुरीनं घे’ म्हणताना आपण परका शब्द वापरतो आहोत असे कोणाच्या मनातही येत नाही. शब्द आला, रुळला. मात्र येताना त्याचा अर्थ आक्रसला. मराठीत सबुरी म्हणजे थांबणे, दम धरणे, घाई न करणे. इस्लामी परंपरेत सब्र ही याहून पुष्कळ मोठी आणि बरीच वादग्रस्त गोष्ट आहे.

वादग्रस्त अशासाठी, की ‘सब्र करा’ हा उपदेश दोन प्रकारे करता येतो. संकटात सापडलेला माणूस स्वतःला सावरण्यासाठी तो स्वतःला करतो. आणि ज्याच्या हाती सत्ता आहे तो दुसऱ्याला गप्प बसवण्यासाठीही करतो. राजाने प्रजेला, सासरच्यांनी सुनेला, मालकाने नोकराला सब्र शिकवल्याची उदाहरणे मुस्लिम समाजांत आहेत, तशीच ‘प्रारब्ध’, ‘भोग’ असे शब्द वापरून ती इतर समाजांतही आहेत. म्हणून प्रश्न असा पडतो, की इस्लामच्या मूळ ग्रंथांत आणि त्याच्या थोर भाष्यकारांच्या विचारात सब्र म्हणजे मुकाट्याने सोसणे आहे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा शोध घ्यायचा आहे. तो घेताना सब्रचा जोडशब्द असलेल्या ‘यकीन’ या संकल्पनेकडेही पाहावे लागेल, कारण एकीचा अर्थ दुसरीशिवाय लागत नाही.

शब्दांची कुळकथा

अरबीत स-ब-र या धातूचा मूळ अर्थ ‘बांधून ठेवणे, रोखून धरणे’ असा आहे. एखाद्याला बांधून ठार मारणे यासाठी जुन्या अरबीत ‘कत्ल सब्र’ असा शब्दप्रयोग होता. म्हणजे सब्र ही मुळात जोर लावून करायची क्रिया आहे. फरक एवढाच, की कुराणाच्या भाषेत माणूस दुसऱ्याला बांधत नाही. तो स्वतःला बांधतो. मन सैरभैर होऊ पाहते, जीभ सैल सुटू पाहते, हात कपडे फाडू पाहतात. त्यांना लगाम घालणे म्हणजे सब्र. याच अक्षरांचा दुसरा शब्द, ‘सबिर’, कोरफडीच्या सुकवलेल्या कडू रसाला, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या बोळाला आहे. सब्र कडू असतो आणि औषधीही असतो, असे अरबी लेखक या साम्यावरून गमतीने सांगत आले आहेत.

कुराणात हा शब्द आणि त्याची रूपे सुमारे शंभर वेळा येतात. त्यांची छाननी करून विद्वानांनी सब्रचे तीन प्रकार सांगितले : कर्तव्य नेटाने करत राहण्यातला सब्र, निषिद्ध गोष्टीपासून स्वतःला आवरण्यातला सब्र आणि आपत्तीतला सब्र. सर्वसामान्य बोलण्यात फक्त तिसरा उरला. पहिले दोन पाहिले की लक्षात येते, की सब्रचा संबंध केवळ दुःखाशी नाही. पहाटे थंडीत उठून नमाज पढणे हा सब्र आहे, लाच समोर असताना हात मागे घेणे हाही सब्रच आहे. रमजानला हदीसमध्ये ‘सब्रचा महिना’ म्हटले आहे तेही याच अर्थाने. उपवास करणाऱ्यावर कोणतीही आपत्ती आलेली नसते, तो स्वतःला स्वेच्छेने रोखत असतो.

‘यकीन’ म्हणजे खात्री, निःशंक ज्ञान. कुराणाच्या आधारे तिच्या तीन पायऱ्या मानल्या जातात : इल्मुल यकीन, ऐनुल यकीन आणि हक्कुल यकीन. सूफी गुरू यासाठी आगीचा दृष्टांत देतात. धूर पाहून किंवा कोणाकडून ऐकून आग आहे असे कळणे ही पहिली पायरी, आग डोळ्यांनी पाहणे ही दुसरी आणि आगीचा चटका स्वतःला बसणे ही तिसरी. अर्थात यकीन ही एकदाच मिळून संपणारी गोष्ट नव्हे; ती ऐकण्यापासून अनुभवापर्यंत जाणारी वाट आहे. कुराणात आणखी एका ठिकाणी (१५:९९) यकीन येईपर्यंत भक्ती करत राहण्याची आज्ञा आहे. तेथे बहुतेक भाष्यकार ‘यकीन’ याचा अर्थ ‘मृत्यू’ असा करतात. मरण हीच माणसाच्या आयुष्यातली एकमेव निर्विवाद खात्री, हा त्यामागचा भाव. पूर्ण खात्री अखेरीस मिळायची असेल, तर तोवरचा सगळा काळ धीराचाच असणार, हे ओघाने आलेच.

सब्र आणि यकीन हे दोन्ही शब्द कुराणातील एका आयतीत (३२:२४) एकत्र येतात. इस्राएलच्या वंशजांतून मार्गदर्शक पुढारी निर्माण झाले, ते त्यांनी सब्र केला आणि ईश्वरी संकेतांवर त्यांचे यकीन होते म्हणून, असा तिचा आशय आहे. चौदाव्या शतकातील दमास्कसचे विद्वान इब्न तैमिया यांनी याच आधारावर असे सूत्र मांडले, की धर्मातले नेतृत्व सब्र आणि यकीन यांतूनच लाभते. ते केवळ पोथीतले वाक्य नव्हते. आपल्या मतांपायी ते अनेकदा तुरुंगात गेले आणि १३२८मध्ये दमास्कसच्या किल्ल्यात कैदेत असतानाच वारले.

कसोटी कशासाठी?

श्रद्धा ठेवली म्हणजे दुःख टळते, असे आश्वासन कुराण देत नाही. उलट ‘आम्ही विश्वास ठेवला’ एवढे म्हटल्यावर आपल्याला कसोटीविना सोडून दिले जाईल असे लोकांना वाटते काय, असा प्रश्न ते विचारते (२९:२). दुसऱ्या ठिकाणी (२:१५५) कसोटीचे प्रकारही मोजून सांगितले आहेत : भय, भूक, संपत्तीची हानी, जीवितहानी आणि पिकांचा नाश. सातव्या शतकातल्या वाळवंटी माणसाचे सगळे आयुष्य या पाच गोष्टींत येते. विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या शेतकऱ्यालाही या यादीत काही घालावे लागणार नाही.

कसोटीसाठी येणारा एक अरबी शब्द ‘फितना’ आहे. त्याचा धातू सोने-चांदी आगीत वितळवून हिणकस वेगळे काढण्याच्या क्रियेशी निगडित आहे. मराठीतला ‘कसोटी’ शब्दही सोनाराच्या कसाच्या दगडावरून आलेला. दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकाच धंद्यातून रूपक उचलावे ही लक्षणीय गोष्ट आहे. मात्र सोनाराच्या दगडावर सोने नुसते पारखले जाते. आगीत ते पारखले जाते आणि शुद्धही होते. इस्लामी विचारात कसोटीला ही दोन्ही कामे दिलेली आहेत.

यातून उभा राहणारा प्रश्न मुस्लिम तत्त्वज्ञांना चुकला नाही. अजाण बालकाचे दुःख कोणती कसोटी ठरते? बुद्धिवादी मुअतझिला पंथाचे उत्तर असे, की ईश्वर न्यायी असल्यामुळे प्रत्येक निष्पाप जिवाला, अगदी पशूंनाही, सोसलेल्या दुःखाची भरपाई परलोकी मिळायलाच हवी. अशअरी पंथीयांचे म्हणणे असे, की ईश्वरावर असे कोणतेही बंधन माणसाने लादू नये. त्याचे कारण त्याला ठाऊक. हा वाद शतकानुशतके चालला आणि सुटला नाही. सामान्य श्रद्धावंत मात्र या वादात फारसा पडला नाही. तो कथांकडे वळला.

तीन कथा, तीन मुभा

कुराणातील प्रेषितांच्या कथा बायबलच्या वाचकाला ओळखीच्या वाटतील, पण त्यांचा रोख निराळा आहे. सब्रच्या दृष्टीने त्यांतल्या तीन महत्त्वाच्या आहेत आणि गंमत म्हणजे तिन्ही कथा श्रद्धावंताला कसली ना कसली मुभा देतात.

पहिली कथा हजरत अय्यूब यांची. बायबलमध्ये हेच ‘ईयोब’. संपत्ती, संतती, आरोग्य सारे गमावलेले अय्यूब ईश्वराला हाक मारतात : मला पीडा झाली आहे आणि तू तर परम दयाळू आहेस, अशा अर्थाची (२१:८३). मागणे म्हणावे तर मागणे नाही, आणि गाऱ्हाणे म्हणावे तर आहेच. पुढे त्यांना जमिनीवर पाय आपटण्यास सांगितले जाते, थंड पाण्याचा झरा फुटतो आणि ते बरे होतात. याच अय्यूबांना कुराण ‘साबिर’, म्हणजे धीर धरणारा, असा गौरवाचा शब्द वापरते (३८:४४). यावरून भाष्यकारांनी एक नेमका भेद केला : ईश्वराविषयी लोकांकडे तक्रार करणे हे सब्रच्या विरुद्ध, पण ईश्वराकडे आपले गाऱ्हाणे मांडणे हे सब्रच्या विरुद्ध नाही. पहिली मुभा गाऱ्हाण्याची.

दुसरी कथा हजरत याकूब यांची. लाडका मुलगा युसुफ याला भावांनी विहिरीत टाकले आणि रक्त माखलेला सदरा बापापुढे ठेवला. याकूब यांना त्यातला खोटेपणा जाणवतो. ते ‘सब्र जमील’, म्हणजे सुंदर धीर, असा शब्द उच्चारतात (१२:१८). हा शब्दप्रयोग पुढे फार गाजला. पण त्याच सूरहमध्ये पुढे सांगितले आहे, की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले, ते रडून रडून आंधळे झाले. घरच्यांनी टोकल्यावर ते म्हणतात, की मी माझा शोक फक्त ईश्वरापुढे मांडतो आहे. सुंदर धीर धरणारा माणूस वर्षानुवर्षे रडत होता आणि त्याच्या धीराला त्यामुळे उणेपणा आला नाही. दुसरी मुभा अश्रूंची.

तिसरी कथा हजरत इब्राहीम यांची. मेलेल्यांना तू कसा जिवंत करतोस ते दाखव, असे ते ईश्वराला म्हणतात. तुझा विश्वास नाही काय, असे विचारल्यावर ते उत्तर देतात, की विश्वास आहे, पण अंतःकरणाला स्वस्थता यावी म्हणून विचारतो (२:२६०). यावर ईश्वर रागावत नाही. चार पक्ष्यांचा प्रयोग करून दाखवतो. ज्यांना एकेश्वरवादाचे पितामह मानले जाते त्यांनीच पुरावा मागावा, याचे महत्त्व मोठे आहे. हदीसमध्येही एक प्रसंग आहे. आपल्या मनात उच्चारायला धजावणार नाही असे विचार येतात, असे काही साथीदारांनी प्रेषित मुहंमद यांना सांगितले. त्या अस्वस्थतेलाच प्रेषितांनी श्रद्धेची उघड खूण म्हटले. ज्याला श्रद्धाच नाही त्याला शंकेची टोचणी कशी लागणार? तिसरी मुभा प्रश्नाची.

या तिन्हींना पूरक असा आणखी एक प्रसंग अठराव्या सूरहमध्ये आहे. हजरत मूसा एका ज्ञानी पुरुषासोबत प्रवासाला निघतात. परंपरा त्या पुरुषाला खिज्र म्हणते. तो आधीच बजावतो, की ज्याचे ज्ञान तुला नाही त्याबाबत तू धीर कसा धरशील? आणि तसेच होते. नावेला भोक पाडणे, मुलाचा वध, विनामोबदला भिंत बांधून देणे, या प्रत्येक घटनेला मूसा हरकत घेतात. पुढे उलगडा होतो. या कथेत सब्र आणि यकीन यांचा सांधा उघड दिसतो : माणसाचा धीर सुटतो तो त्याला पूर्ण चित्र दिसत नाही म्हणून. ज्ञान जितके तोकडे, तितकी विश्वासाची गरज अधिक.

मक्केची तेरा वर्षे

सब्रची कल्पना घडली ती प्रत्यक्ष छळाच्या काळात. इ.स. ६१०च्या सुमारास प्रेषितकार्य सुरू झाले आणि ६२२मध्ये मदिनेकडे स्थलांतर, म्हणजे हिजरत झाली. मधल्या काळात मक्केतील मूठभर अनुयायी बहुधा गरीब, गुलाम किंवा टोळीचे पाठबळ नसलेले होते. बिलाल या हबशी गुलामाला त्याचा मालक उमय्या बिन खलफ तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर शिळा ठेवी. बिलाल ‘अहद’, म्हणजे ‘एकच’, एवढा एक शब्द उच्चारत राहत. पुढे हेच बिलाल इस्लामचे पहिले मुअज्जिन झाले.

बिलाल यांची कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्या शेजारी अम्मार बिन यासिर यांची कथा ठेवल्याशिवाय मात्र चित्र पुरे होत नाही. अम्मार यांच्या आई सुमय्या छळात मारल्या गेल्या. इस्लामी परंपरा त्यांना पहिल्या हुतात्मा मानते. खुद्द अम्मार यांना यातना असह्य झाल्या आणि छळणाऱ्यांना हवे ते शब्द त्यांनी उच्चारले. नंतर ते रडत प्रेषितांकडे आले. प्रेषितांनी त्यांना अंतःकरणाची अवस्था विचारली. ते श्रद्धेने स्वस्थ आहे, असे अम्मार यांनी सांगितले. बळजबरीने बोलावे लागलेल्या, पण मनाने अढळ असलेल्या माणसाला कुराणाने दोषमुक्त केले (१६:१०६), ते याच घटनेच्या संदर्भात असे भाष्यकार सांगतात. बिलाल यांचे धैर्य आदर्श म्हणून जपले गेले, पण ते प्रत्येकाकडून वसूल केले गेले नाही. सब्रच्या विचारातली ही माणुसकी सहसा दुर्लक्षिली जाते.

खब्बाब हे लोहार. त्यांना निखाऱ्यांनी भाजले गेले होते. काबाच्या सावलीत बसलेल्या प्रेषितांना त्यांनी विचारले, की आमच्यासाठी मदत का मागत नाही? प्रेषितांनी पूर्वीच्या श्रद्धावंतांनी सोसलेल्या यातनांची आठवण दिली आणि सांगितले, की एक दिवस प्रवासी सनआपासून हद्रमौतपर्यंत निर्धास्त जाईल, पण तुम्ही घाई करता. येथे सब्रला भविष्याची जोड आहे. तो निराशेतून आलेला शरणभाव नाही. हे दिवस पालटणार या खात्रीतून आलेला धीर आहे.

शिवाय प्रेषितांनी अनुयायांना केवळ सोसत राहा असे सांगितले नाही. ६१५च्या सुमारास त्यांनी काहींना समुद्रापलीकडे हबशाच्या, म्हणजे इथिओपियाच्या ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला पाठवले. ६१९ साली पत्नी खदीजा आणि पाठीराखे चुलते अबू तालिब यांचे निधन झाले, तेव्हा ते स्वतः आश्रय शोधण्यासाठी ताइफला गेले. तेथे त्यांना दगड मारून हाकलण्यात आले. अखेरीस मदिनेला जाण्याचा मार्ग निघाला. छळाच्या जागेवरून निघून जाणे, आश्रय मागणे, करार करणे या सगळ्या गोष्टी सब्रच्या काळातच घडल्या. उंट मोकळा सोडून ईश्वरावर भरवसा ठेवू काय, असे विचारणाऱ्याला ‘आधी बांध, मग भरवसा ठेव’ अशा अर्थाचे जे उत्तर प्रेषितांनी दिल्याचे हदीसमध्ये आहे, ते याच वृत्तीचे.

खासगी दुःखातही हीच वृत्ती दिसते. ६३२मध्ये त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. एका साथीदाराने आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा हे अश्रू म्हणजे करुणा आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले आणि ते मुलाच्या मृत्यूमुळेच, असे लोक म्हणू लागले. शोकात बुडालेल्या बापाला ही समजूत दिलासा देणारी होती. त्यांनी ती तत्काळ खोडून काढली : सूर्य-चंद्राला कोणाच्या जन्ममृत्यूमुळे ग्रहण लागत नाही. दुःखाच्या भरातही सत्याला धरून राहणे, हा सब्रचा एक विलक्षण नमुना म्हणावा लागेल.

गझालींचे विश्लेषण

या सर्व सामग्रीचे सर्वांत सखोल विश्लेषण केले ते अबू हामिद अल-गझाली (१०५८-११११) यांनी. इराणातील तूस येथे जन्मलेले गझाली १०९१मध्ये बगदादच्या निझामिया या नामांकित विद्यापीठात प्राध्यापक झाले. तरुणपणी एकदा त्यांचा इंद्रियांवरचा आणि तर्कावरचाही विश्वास उडाला होता. ही अवस्था सुमारे दोन महिने टिकली, असे त्यांनी आत्मकथनपर ग्रंथात नमूद केले आहे. १०९५मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांची वाचाच बसली. शिकवणे अशक्य झाले, अन्न जाईना. अखेर पद आणि घरदार सोडून ते दमास्कस, जेरुसलेम, मक्का असे फिरत राहिले. यकीनविषयी त्यांनी जे लिहिले ते शंकेच्या भट्टीतून निघालेले आहे.

‘इह्या उलूमिद्दीन’ या त्यांच्या चाळीस भागांच्या महाग्रंथात एक भाग ‘सब्र आणि शुक्र’, म्हणजे धीर आणि कृतज्ञता, यांवर आहे. त्यात ते म्हणतात, की श्रद्धेचे दोन खांब आहेत : यकीन आणि सब्र. यकीन म्हणजे जाणणे. सब्र म्हणजे जे जाणले त्यानुसार वागणे. जाणीव आणि कृती यांमधले अंतर ज्या बळावर कापले जाते ते बळ म्हणजे सब्र. पशूला सब्र लागत नाही, कारण त्याच्या वासनेला विरोध करणारे काही त्याच्यात नसते. देवदूतालाही लागत नाही, कारण त्याला वासनाच नसते. दोन प्रेरणांची लढाई ज्याच्या आत चालते त्या माणसालाच तो लागतो.

आणि येथेच गझाली असे एक विधान करतात, जे आपल्या मूळ प्रश्नाला थेट भिडते. धर्मशास्त्रातील कृत्यांप्रमाणे सब्रचेही आवश्यक, इष्ट, अनिष्ट आणि निषिद्ध असे वर्ग होतात, असे ते सांगतात. कोणी आपला किंवा आपल्या मुलाचा हात तोडत असताना गप्प राहणारा, पत्नीच्या अब्रूवर घाला येत असताना स्तब्ध राहणारा माणूस सोसतो खरा. पण तो सब्र निषिद्ध आहे. म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसण्याला अकराव्या-बाराव्या शतकातल्या या सनातनी मानल्या जाणाऱ्या आचार्याने पुण्याच्या नव्हे, तर पापाच्या रकान्यात टाकले आहे.

साथीच्या काळात

तत्त्व आणि व्यवहार यांची गाठ पडते ती रोगराईत. इ.स. ६३९च्या सुमारास सीरियात अमवासची प्लेगची साथ आली. खलिफा उमर तिकडे निघाले होते. वाटेत बातमी कळताच त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. ईश्वराने नेमलेल्या गोष्टीपासून पळता काय, असे सेनापती अबू उबैदा यांनी विचारले. उमर यांच्या उत्तराचा आशय असा, की मी ईश्वराच्या एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे जातो आहे. उंट चारायला एका बाजूला हिरवे कुरण आणि दुसऱ्या बाजूला ओसाड माळ असेल, तर हिरव्या बाजूला नेणेही नियतीच. साथीच्या गावात जाऊ नये आणि तेथे असल्यास पळून बाहेर पडू नये, हे प्रेषितवचनही त्याच वेळी पुढे आले. उमर परतले, अबू उबैदा लोकांबरोबर राहिले आणि साथीत वारले. परंपरेने दोघांनाही आदराने स्मरले आहे.

आठशे वर्षांनंतर कैरोमध्ये इब्न हजर अल-अस्कलानी (१३७२-१४४९) या हदीसशास्त्राच्या श्रेष्ठ पंडिताने प्लेगवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो विषय त्यांच्या घरात शिरला होता : त्यांच्या तीन मुली प्लेगने गेल्या, थोरली तर गरोदर असताना. साथीत धीराने राहून मरण पावणाऱ्याला हुतात्म्याचा दर्जा मिळतो, या हदीसचा त्यांनी ग्रंथात विस्तार केला. आपल्या काळच्या अनेकांप्रमाणे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे त्यांना मान्य नव्हते. तरीही त्यांच्यातला साक्षीदार प्रामाणिक राहिला. १४३०मध्ये कैरोतील लोक सामूहिक प्रार्थनेसाठी शहराबाहेर जमले; त्यापूर्वी दिवसाला चाळिसाहून कमी मृत्यू होत होते आणि नंतर महिना संपायच्या आत ते हजारावर गेले, अशी नोंद त्यांनी करून ठेवली. अशा मेळाव्याला पूर्वाधार नाही, असे त्यांचे मत होते. श्रद्धा अढळ आणि आकडे मात्र जसेच्या तसे, हे त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य आजच्या वाचकालाही थबकवते.

सत्तेपुढचा सब्र

आता सर्वांत कठीण प्रसंग : अन्याय करणारी राजसत्ता. उमय्या घराण्याच्या राजवटीत, आपली सत्ता ही ईश्वरी नियतीच आहे, असा युक्तिवाद राज्यकर्त्यांच्या सोयीचा होता. नियतीपुढे प्रजेने सब्र करायचा, हे त्यातून आपोआप निघे. माणूस आपल्या कृत्यांना स्वतः जबाबदार आहे, असे म्हणणारे कद्रिया पंथीय विचारवंत या राजवटीला खुपले. त्यांतले मअबद अल-जुहनी आणि गैलान अद-दिमश्की या दोघांना ठार मारण्यात आले. यावरून ‘नियती’ हा केवळ तत्त्वज्ञानाचा विषय नव्हता, हे कळते.

इ.स. ६८०मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसैन यांनी यझीदच्या सत्तेला मान्यता देणे नाकारले आणि मूठभर सोबत्यांसह ते मारले गेले. त्यांच्या भगिनी झैनब कैद होऊन दमास्कसच्या दरबारात उभ्या केल्या गेल्या, तेव्हा त्यांनी भर दरबारात यझीदला सुनावले, असे परंपरा सांगते. मुस्लिम समाजात, विशेषतः शिया पंथीयांत, झैनब या सब्रची मूर्ती मानल्या जातात. सब्रची मूर्ती मानली गेलेली स्त्री दरबारात बोलणारी आहे, गप्प राहणारी नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नवव्या शतकात उलटाच प्रकार घडला. ८३३मध्ये खलिफा मामून याने, कुराण हे ईश्वराने निर्माण केलेले आहे, हे मुअतझिलांचे मत विद्वानांवर लादण्यासाठी चौकशा सुरू केल्या. इतिहासात तिला ‘मिहना’ म्हणतात. या शब्दाचा अर्थही परीक्षाच. ईश्वराचा न्याय आणि माणसाचे स्वातंत्र्य यांवर भर देणाऱ्या पंथाचे मत दंडुक्याने पटवले जावे, हा दैवदुर्विलास. बगदादचे अहमद बिन हंबल (७८०-८५५) बधले नाहीत. मामूननंतर आलेल्या मुअतसिमच्या काळात त्यांना फटके मारण्यात आले. पुढे बंड करू इच्छिणारे लोक त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी रक्तपाताला नकार दिला. आपले मत सोडायचे नाही आणि तलवारही उचलायची नाही, ही त्यांची भूमिका. ती सर्वांना पटेल असे नाही. पण तिला मुकाट सोसणे नक्कीच म्हणता येत नाही.

घराच्या चार भिंतींतली सत्ताही सत्ताच. मदिनेतील खौला बिन्त सअलबा या स्त्रीला नवऱ्याने ‘तू मला आईसारखी’ अशा अर्थाचे वाक्य उच्चारून टाकले होते. त्या काळच्या रूढीनुसार यामुळे तिला संसारही राहत नसे आणि सुटकाही मिळत नसे. ती प्रेषितांकडे गेली, वाद घालत राहिली, ईश्वराकडे तक्रार करत राहिली. ती तक्रार ऐकली गेल्याचा उल्लेख करूनच कुराणाची अठ्ठावन्नावी सूरह सुरू होते, आणि त्या रूढीचा निषेध करते. सूरहचे नावच ‘मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी स्त्री. ‘सब्र कर’ असे सांगून तिला परत पाठवले गेले नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्यासोबत सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाकच्या विरोधात मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. दलवाईंची भूमिका धर्मग्रंथांच्या आधारावर उभी नव्हती, हे खरे. मात्र त्या स्त्रियांना तक्रार करणे धर्माविरुद्ध आहे असे म्हणणाऱ्याने खौलाची कथा आधी वाचायला हवी.

प्रेषिताचे शस्त्र

विसाव्या शतकात सब्रच्या या कृतिशील अर्थाला सामूहिक रूप दिले ते खान अब्दुल गफार खान यांनी. सूड ही ज्यांची रीत मानली जाई त्या पठाणांमध्ये त्यांनी १९२९मध्ये ‘खुदाई खिदमतगार’ ही संघटना उभी केली. पोलीस आणि सैन्य ज्यापुढे टिकणार नाही असे प्रेषिताचे शस्त्र मी तुम्हाला देतो, ते म्हणजे सब्र आणि सचोटी, असे ते सांगत. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. बादशाह खानांचा महाराष्ट्राशीही संबंध आला : १९३४मध्ये तुरुंगातून सुटल्यावर सरहद्द प्रांत आणि पंजाबमध्ये जाण्यास बंदी असल्याने ते वर्ध्यात गांधीजींजवळ राहिले आणि मुंबईतील एका भाषणाबद्दल डिसेंबरात त्यांना वर्ध्यातूनच अटक झाली. गांधीजींचा सत्याग्रह त्यांना जवळचा वाटला, कारण त्यातले मर्म त्यांनी मक्केच्या तेरा वर्षांत आधीच पाहिले होते.

येथवरच्या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. कुराणातील सर्वांत छोट्या सूरहांपैकी एक, ‘अल-अस्र’, हिच्यात तोट्यात न जाणाऱ्या माणसांची लक्षणे सांगितली आहेत : श्रद्धा, सत्कृत्ये, आणि एकमेकांना ‘हक्क’ व ‘सब्र’ यांचा आग्रह करणे. ‘हक्क’ म्हणजे सत्य, न्याय. मराठीत आपण जो ‘हक्क’ म्हणतो तोही हाच शब्द. येथे दोन बारकावे आहेत. उपदेश ‘एकमेकांना’ करायचा आहे. वरच्याने खालच्याला नव्हे. आणि सब्रच्या आधी हक्क आहे. ज्याला दुसऱ्याला धीर धर असे सांगायचे आहे, त्याच्यावर त्या दुसऱ्याच्या न्याय्य बाजूला उभे राहण्याची जबाबदारी आधी येते. ती न उचलता केलेला सब्रचा उपदेश अर्धवट आहे, आणि इतिहास पाहता बहुतेक वेळा तो सोयीचा आहे.

ज्या दुःखावर इलाज नाही, मरण, दुर्धर आजार, न भरून येणारी हानी, तिथे रडण्याची, विचारण्याची, गाऱ्हाणे मांडण्याची मुभा देऊन ही परंपरा माणसाला सावरते. ज्या दुःखावर इलाज आहे, तिथे ती उंट बांधायला सांगते. या दोहोंतला फरक ओळखणे हे काम मात्र कोणताही ग्रंथ आपल्यासाठी करून देत नाही. आणि त्यासाठी लागणारा विवेक हाच बहुधा यकीनच्या वाटेवरचा सर्वांत अवघड टप्पा आहे.